बहात्तर बिऱ्हाडं, एक नळ: एका जुन्या कँटोनीज सिनेमातल्या वाक्याचं मराठी हवंय

अर्धी_बादली
नमस्कार मंडळी. आम्ही आठ-दहा डोकी महिन्यातून एकदा एकाच्या गच्चीवर चादर ताणून जुने परदेशी सिनेमे बघतो. पुढची पाळी माझी आहे. निम्म्या लोकांना इंग्रजी अक्षरं पळायला लागली की डुलकी लागते, म्हणून या खेपेला मराठी उपशीर्षकं मीच करतोय. खाज, दुसरं काय.

सिनेमा हाँगकाँगचा, १९७३ चा, शॉ ब्रदर्स या स्टुडिओचा. दिग्दर्शक चोर युएन. नावाचा अर्थ 'बहात्तर बिऱ्हाडं'. पडायला आलेली इमारत, फळ्या ठोकून पाडलेल्या खोल्या, एकेका खोलीत एकेक संसार. बूट शिवणारा आहे, कपडे धुऊन पोट भरणारी आहे, आणखी पुष्कळ. वर एक मालकीणबाई आणि तिचा पाताळयंत्री नवरा. या सगळ्यांना हुसकून जागा मोकळी करायची आहे, आणि बाईंच्या हातात सगळ्यात सोपं हत्यार आहे नळाचं. मनात आलं की पाणी बंद. खाली सगळी बाई-माणसं रिकामी घमेली घेऊन उभी आणि वर ही पदर खोचून. पदर नाही तिला, पण असता तर नक्की खोचला असता.

अडलोय ते पुढच्या एका प्रसंगात. आग लागते, बंब येतो, आणि बंबवाले पाणी मारायच्या आधी पैसे मागतात. तिथलं वाक्य: 'याउ सोई फोंग सोई, मोउ सोई सान सोई.' सोई म्हणजे पाणी, आणि हाँगकाँगच्या कँटोनीज बोलीत सोई म्हणजे पैसासुद्धा. शब्दशः अर्थ असा: पाणी असेल तर पाणी सोडतो, पाणी नसेल तर पांगतो. 'सान सोई' म्हणजे पाणी पांगणं, आणि बोलीत पोबारा करणं. चार वेळा सोई आणि चारही वेळा चिमटा. माझ्याकडच्या इंग्रजी उपशीर्षकात पैशांचा व्यवहार तेवढा आलाय, पाणी आटलंय.

तर याचं मराठी काय करावं? आणि दुसरं, हा सिनेमा खरंच पाणीटंचाईचा आहे का? मला वाटतं नाही. यात पाणी आहे, फक्त कळ दुसऱ्याच्या हातात आहे.

तात्या_दुपारचे
पहिला!
आता वाचतो.

मीच_तो
हे तर कुंग फू हसल! हिंदीत डब केलेला टीव्हीवर शंभरदा पाहिलाय. केसांना रोलर, तोंडात सिगारेट, ती बाई नळ बंद करते आणि डोक्याला साबण लावलेला तो पोरगा खाली उघडाबंब ओरडत असतो.

अर्धी_बादली
@मीच_तो, उलटं. स्टीफन चाऊचा तो सिनेमा २००४ चा. त्यातली वाडी आणि ती नळवाली बाई म्हणजे या जुन्या सिनेमाला केलेला नमस्कार आहे. आपण नातवाला आधी भेटलो आणि आजी आता दिसतेय.

मीच_तो
त्यात ती सांगते ना, सोम-बुध-शुक्र पाणी बंद आणि मंगळ-गुरू-शनि अधूनमधून येईल.

तात्या_दुपारचे
आणि रविवारी?

मीच_तो
रविवारी आमच्या सोसायटीत टाकी धुतात.

कळीचा_नारद
बहात्तर हे मोजून बहात्तर का?

अर्धी_बादली
नाही हो. चिनीत बहात्तर म्हणजे खंडीभर.

कळीचा_नारद
मग मराठीत 'छप्पन्न बिऱ्हाडं' करा. आपल्याकडे खंडीभर म्हणजे छप्पन्न. 'असे छप्पन्न भाडेकरू पाहिलेत' हे वाक्य मालकिणीच्या तोंडी आयतं बसतंय. सोळा बिऱ्हाडं वाचली म्हणून तुम्हाला उपशीर्षकंही कमी टंकावी लागतील.

हाँगकाँगी_काकू
धागा बघून राहवलं नाही. मी एकोणीस वर्षं इथे राहतेय, त्यामुळे आगाऊपणा करते.

पहिली दुरुस्ती: ती मालकीण नव्हे. मालक वेगळा असतो आणि तो सहसा दिसत नाही. ही अख्खा मजला भाड्याने घेते, त्याचे तुकडे पाडते आणि पोटभाडेकरू ठेवते. इथे तिला 'पाऊ चो पो' म्हणतात, भाडेवाली म्हातारी. म्हणून ती एवढी खवट असते, तिलाही वर भाडं भरायचं असतंच. मराठीत 'घरमालकीण' केलंत तर चालेल, पण 'भाडेवाली' जास्त जवळचं.

दुसरं, पाण्याबद्दल. सिनेमात नळ बाई बंद करते, पण बघायला बसलेल्या माणसांना पाणी जाणं म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दहाच वर्षांपूर्वी, १९६३ मध्ये, इथे असा दुष्काळ पडला की १ जूनपासून चार दिवसांतून एकदा, फक्त चार तास पाणी. वस्ती पस्तीस लाखांच्या घरात. हे जवळजवळ वर्षभर चाललं. जहाजं पाठवून चीनमधल्या पर्ल नदीचं पाणी आणलं. शेवटी १९६४ च्या मे अखेरीस एक वादळ आलं, तलाव भरले, तेव्हा सुटका झाली. वादळ आलं म्हणून लोक खूश झाल्याचं मी फक्त इथेच ऐकलंय.

आमच्या मजल्यावर एक आजी राहतात. त्या वेळी नऊ वर्षांच्या होत्या. सात माणसं एका फळकुटाच्या खोलीत. त्या सांगतात की पाण्याच्या दिवशी शाळा बुडायची आणि कुणी रागवायचं नाही. रस्त्यावरच्या सार्वजनिक नळाला रांग. भांडं कुठलं, तर रॉकेलचे डबे, वर लाकडी दांडी ठोकलेले, दोन डबे कावडीला अडकवून. माझ्या आजोळी नगरकडे हेच डबे आणि हीच कावड. मी त्यांना 'कावड' शब्द शिकवलाय, त्या 'काऽवाऽत' म्हणतात.

त्यांच्याकडे पाण्याचा प्रवास असा: तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजीचं पाणी फडकी धुवायला, फडक्यांचं पाणी पाय धुवायला आणि उरलेला गाळ संडासात. आता नळाला चोवीस तास पाणी आहे. तरी न्हाणीघरात झाकण ठेवलेली एक लाल बादली कायम भरलेली, आणि तिच्याकडे कुणी नुसतं बघितलं तरी आजी विचारतात, काय हवंय?

स्वयंपाकघरातली_शास्त्रज्ञ
काकू, सुंदर. लाल बादलीसाठी +१. माझ्या सासूबाईंचं पिंप असंच आहे. त्यात पाणी आहे की नाही हे बघायला झाकण उघडायचं नाही, टिचकी मारायची.

गिरगावकर_मूळचा
वाह, काय दिवस आठवले! आमच्या चाळीत पहाटे नळ यायचा. आधी नळातून फुस्स हवा, मग खोकल्यासारखे दोन ठसके, मग लालसर पाणी, मग खरं पाणी. अख्खी चाळ जागी. हंडे-कळश्यांची रांग, त्यात थट्टामस्करी, कुणाची मुलगी कुणाला दिली इथपासून सगळी खबरबात. कुणी आजारी असेल तर शेजारी त्याचा हंडा भरून आणून दारात ठेवायचे. आता फ्लॅटमध्ये पाणी चोवीस तास, पण शेजारच्याचं नाव माहीत नाही. या सिनेमातही ते शेजारी शेवटी एकमेकांच्या पाठीशी उभे राहतातच ना? टंचाई माणसाला जवळ आणते.

मृद्गंधा_नाशिक
@गिरगावकर, माफ करा, पण नळावरची थट्टामस्करी हे दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर दात घासत उभ्या असलेल्या माणसाचं वर्णन आहे. माझी आई साडेतीनला उठायची. नळ चारला. आधी आमच्या मजल्याचं, मग खालच्या म्हातारीचं भरून द्यायचं कारण तिला उचलवायचं नाही. म्हणजे तुम्ही म्हणता ती माणुसकी होती, नाही असं नाही, पण ती आईच्या कमरेतून निघाली. उजवी बाजू अजून दुखते, कळशी त्याच बाजूला असायची.

आणि भांडणं? एका बाईने दुसरीची कळशी पायाने ढकलली, पोचा पडला. त्या पोच्यावरून त्या दोघी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. पोचा आम्ही सगळ्यांनी पाहिलाय, आठ आण्याएवढा होता.

गिरगावकर_मूळचा
ताई, मी कधी म्हटलं भांडणं नव्हती?

मृद्गंधा_नाशिक
तुम्ही पाणी भरत होतात का, एवढंच सांगा.

गिरगावकर_मूळचा
...मी दात घासत होतो.

तात्या_दुपारचे
😂😂 धागा इथेच सार्थकी लागला.

बूस्टर
३४ वर्षं पाणीपुरवठ्यात काढली, त्यामुळे या धाग्यावर न बोलणं म्हणजे पाप.

काकू, जुन्या हाँगकाँगची एक आरोळी तुम्ही सांगितली नाहीत: 'लाऊ हा, सान सोई हाऊ!' म्हणजे 'खालच्यांनो, नळ बंद करा!' (हा 'सान' पांगण्याचा नव्हे, बंद करण्याचा.) नोकरीत असताना एका प्रशिक्षणात तिथल्या पाहुण्याने सांगितली होती आणि मी खुर्चीतून उठलोच. ही आरोळी मी मराठीत हजार वेळा ऐकलीय.

कारण सोपं आहे. एक किलो प्रेशर म्हणजे पाणी दहा मीटर चढणार, त्याहून इंचभर जास्त नाही. पाणी थोडाच वेळ सोडतात तेव्हा सगळे एकदम नळ उघडतात. तळमजल्याचा नळ पूर्ण उघडा असला की प्रेशर तिथेच संपतं आणि तिसऱ्या मजल्यावर नळाला कान लावला तर समुद्र ऐकू येतो. तळमजल्याच्या माणसाचं काही चुकलेलं नसतं. तो नुसता खाली राहत असतो. म्हणून वरचा ओरडतो, खालचा म्हणतो अजून माझंच भरलं नाही, आणि दोघांनाही वाटतं की दुसरा चोर आहे. आपल्याकडे यावर तोडगा काय, तर टिल्लू पंप. एकाने लावला की गल्लीने लावायचा, मग सगळ्यांनाच पुन्हा पहिल्याइतकं कमी पाणी, वर विजेचं बिल.

गिरगावकरांच्या त्या लालसर पाण्याचंही सांगतो. लाईन रिकामी झाली की आत पोकळी होते आणि जिथे जिथे गळती असेल तिथून बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढच्या खेपेला पहिलं पाणी ती घाण आणि पाइपातला गंज घेऊन येतं. सतत वाहणारी लाईन बाहेर गळते, बंद-चालू होणारी आतही गळते. चार दिवसांतून एकदाच्या पुरवठ्यात पाणी किती वाचतं यापेक्षा लाईनचं किती वाटोळं होतं हे बघा.

धागाकर्त्याला उत्तर: टंचाई आणि कळ या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. पाणी भरपूर असतं तेव्हा कळ कुणाच्या हातात आहे हे कुणी विचारत नाही. आमच्या चावीवाल्याला उन्हाळ्यात वाकून नमस्कार करणारी माणसं पावसाळ्यात त्याला ओळखत नसत.

हाँगकाँगी_काकू
@बूस्टर, अगदी! ती आरोळी आजींना विचारली. त्या चौथ्या मजल्यावर होत्या. लगेच खिडकीकडे तोंड करून ओरडून दाखवली. खाली फळवाल्याने वर बघितलं.

कळीचा_नारद
अवांतर: शॉ ब्रदर्सचा स्टुडिओ जिथे होता त्या जागेचं नाव 'निर्मळ पाण्याचा उपसागर'. क्लिअर वॉटर बे. पाणी बंद करण्याचा सिनेमा काढायला याहून चांगला पत्ता नाही.

सेल्युलॉइड_सदू
सिनेमाबद्दल कुणीच बोलेना म्हणून.

हा सिनेमा हाँगकाँगमध्ये का गाजला ते त्यांच्या भाषेच्या दुष्काळाकडे बघितल्याशिवाय कळणार नाही. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे मँडरिन, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेतल्या, सिनेमांनी एवढी मुसंडी मारली की १९७२ मध्ये कँटोनीजमध्ये एकही सिनेमा आला नाही. शहर घराघरात कँटोनीज बोलतंय आणि पडद्यावर ती भाषा शून्य. १९७३ मध्ये हा एकच आला, आणि त्याने त्या वर्षी तिथल्या तिकीटबारीवर ब्रूस लीच्या 'एंटर द ड्रॅगन'ला मागे टाकलं. ब्रूस ली त्याच जुलैमध्ये गेलेला, त्याच्याभोवती केवढं वलय होतं! आणि त्याला हरवलं कुणी, तर नळावर भांडणाऱ्या बायांनी.

गोष्ट मुळात शांघायच्या विनोदी रंगभूमीवरची. तिच्यावर १९६३ मध्ये चीनमधल्या पर्ल रिव्हर स्टुडिओने कँटोनीज सिनेमा केला होता, दिग्दर्शक वांग वेइयी. काकूंनी सांगितलेलं चार दिवसांतून चार तासवालं साल तेच, हे मला आत्ता जुळलं. त्यात रोख कम्युनिस्टांच्या आधीच्या राजवटीकडे आहे. चोर युएनने तीच वाडी घेऊन आपल्या शहराच्या तक्रारी तिच्यात भरल्या. हा माणूस साठच्या दशकात कँटोनीज सिनेमेच करायचा, वडील चेऊंग वूड-याऊ हे त्या सिनेमांतले मोठे नट. बाजार बदलला म्हणून मँडरिनकडे गेला. म्हणजे घरी परत आलेला माणूस आहे तो. शेजाऱ्यांची भांडणं त्याला शिकायला लागली नाहीत.

भाडेवालीचं काम करणारी हू चिन बघाच. ती दुष्ट आहे हे दाखवायला ओरडत नाही, हिशोब करताना मान किंचित वाकडी करते.

बंबवाल्यांचा प्रसंग काल्पनिक वाटेल, पण १९७३ म्हणजे लाचखोरीचा संताप शिगेला पोचलेलं वर्ष. पीटर गॉडबर नावाचा बडा पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना जूनमध्ये हाँगकाँग सोडून पळाला. लोक रस्त्यावर उतरले. पुढच्या फेब्रुवारीत भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग आला. त्या दोन घटनांच्या मधल्या महिन्यांत थिएटरात बसलेल्या माणसाला 'पाणी असेल तर पाणी सोडतो' ऐकल्यावर काय वाटलं असेल? सिनेमात एक पोलीसही आहे, त्याला नाव नाही, नुसता बिल्ला: तीन-सहा-नऊ.

मीच_तो
गॉडबर पळाला म्हणजे 'सान सोई' केलं म्हणायचं.

सेल्युलॉइड_सदू
शिकलास रे.

प्रशांत_पुणे_५२
पाणी म्हणजे पैसा यात नवीन काय? आमच्या सोसायटीला मे महिन्यात टँकरचं बिल जेवढं येतं तेवढ्यात एक माणूस हाँगकाँग बघून येईल. टँकर कुणाचे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. नावं घेऊ का?

संपादक_मंडळ
नावं नकोत. धागा सिनेमाचा आहे. वैयक्तिक आणि राजकीय प्रतिसाद उडवले जातील.

प्रशांत_पुणे_५२
बघा. कळ कुणाच्या हातात.

मृद्गंधा_नाशिक
काकू, जहाजाने पाणी आणल्याचं वाचून २०१६ चं लातूर आठवलं. मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं होतं. माझी मावसबहीण तेव्हा लातुरात होती. ती सांगते, गाडी बघायला गर्दी झाली, लोकांनी फोटो काढले, आणि घरी आल्यावर सगळ्यांनी आपापल्या नळाकडे बघितलं. गाडीतलं पाणी नळापर्यंत यायला मध्ये किती गोष्टी असतात हे फोटोत येत नाही.

तिथे पुढे काय झालं? पुन्हा तसा दुष्काळ आला?

हाँगकाँगी_काकू
पुढेही पाणीकपात झाली, पण तशी नाही. १ मार्च १९६५ पासून चीनच्या तुंगच्यांग नदीचं पाणी यायला लागलं. आज इथलं बहुतेक पाणी तेच. शिवाय १९६८ मध्ये एक धरण पूर्ण झालं ते चक्क समुद्रात. खाडीचं तोंड भिंत घालून बंद केलं, आतलं खारं पाणी उपसून टाकलं आणि गोडं भरलं. प्लोव्हर कोव्ह. त्या भिंतीवर आम्ही रविवारी सायकली चालवतो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला पिण्याचं पाणी, आणि दोन्ही सारखीच निळी.

संडासात मात्र समुद्राचंच पाणी. पन्नासच्या दशकापासून हे सुरू झालं. माझ्या घरात दोन वेगळ्या लाईनी आहेत आणि फ्लशच्या खाऱ्या पाण्याला पैसे पडत नाहीत. गोड्या पाण्याचंही चार महिन्यांतले पहिले बारा हजार लिटर फुकट. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला हे सांगितलं की तो पुन्हा पुन्हा फ्लश ओढून बघतो.

बूस्टर
तुंगच्यांगबद्दल एक भर घातल्याशिवाय झोप लागणार नाही. ते नुसतं पाइप टाकून आणलेलं पाणी नव्हे. मधली श-मा नावाची नदी ज्या दिशेने वाहायची तिच्या उलट दिशेने वाहवली. बंधारे घातले, आठ टप्प्यांवर पंप बसवले, सेहेचाळीस मीटर पाणी चढवलं. ८३ किलोमीटर. आणि काम केवढ्या वेळात, तर साधारण एका वर्षात. आमच्याकडे एका पंपहाऊसच्या निविदेची तारीख वाढवायला एवढा वेळ लागतो. कुठल्या खात्यात ते विचारू नका.

तात्या_दुपारचे
उलटी गंगा वाहवली म्हणा की.

बूस्टर
म्हटलंच.

गिरगावकर_मूळचा
मृद्गंधाताईंच्या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला. आईला फोन लावला. वय ८१. विचारलं, आपल्याकडे पाणी कोण भरायचं? ती म्हणाली, 'का, आता तू भरणार आहेस का?' मग म्हणाली की शेजारच्यांचा हंडा ती भरायची कारण ते आजारी असले तरी त्यांची बायको नळावर आली की रांग मोडायची. तिला येऊ न देण्यासाठी आधीच भरून ठेवायची. म्हणजे मी माणुसकी म्हणून जे सांगितलं ते वाहतूक नियंत्रण होतं.

तरी माझा मुद्दा मी पूर्ण सोडत नाही. हंडा पोचायचा.

मृद्गंधा_नाशिक
हे आवडलं. हंडा पोचायचा, मान्य.

स्वयंपाकघरातली_शास्त्रज्ञ
अहो, मूळ प्रश्न राहिला! भाषांतर. माझा प्रयत्न: 'चहापाणी द्या, मग पाणी देतो.' लाचेला आपणही पाणीच म्हणतो की.

अर्धी_बादली
कुणीतरी आलं एकदाचं. चहापाणी छान आहे, त्यात पाणी आहे आणि लाचही आहे. पण चहा मध्ये येतो. हाँगकाँगचा बंबवाला आणि चहा... तिथे चहाचीही मोठी परंपरा आहे म्हणा. शिवाय दुसरा भाग, 'नाहीतर आम्ही पांगतो', तो कुठाय?

कळीचा_नारद
'पाणी दाखवाल तर पाणी दाखवू, नाहीतर पाठ दाखवू.'

अर्धी_बादली
ऐकायला झकास, पण 'पाणी दाखवणे' म्हणजे धमकी. पैसे कुठे आले?

मीच_तो
'नोट दे, पाणी घे.' वट्ट.

सेल्युलॉइड_सदू
हे भाषांतर नाही, हा फलक झाला.

प्रशांत_पुणे_५२
'टँकर लॉबी झिंदाबाद.'

तात्या_दुपारचे
बंब म्हटलं की मला आमचा तांब्याचा बंब आठवतो. त्यात आधी आग घालायची, मग पाणी मिळायचं. म्हणजे बंबाचा स्वभाव पूर्वीपासून असाच.

मृद्गंधा_नाशिक
आईला विचारलं. तिला आधी गोष्ट सांगावी लागली. भाडेवाली कळली, बंबवाले कळले. कँटोनीजमध्ये पाणी म्हणजे पैसा हे सांगितल्यावर म्हणाली, 'मग आपल्याकडे काय वेगळं? पैशावर पाणी सोडतातच की.' तांदूळ निवडत होती, वर न बघता पुढे म्हणाली: 'त्याला म्हणायला लाव, पैशावर पाणी सोडा, मग आम्ही आगीवर सोडतो. नाहीतर घरावर सोडा.'

सेल्युलॉइड_सदू
उभा राहिलोय.

कळीचा_नारद
छप्पन्न दंडवत.

बूस्टर
तीन वेळा सोडलं आणि तिन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी. चावीवाल्यांच्या संघटनेतर्फे अभिनंदन.

हाँगकाँगी_काकू
आजींना अर्थ सांगितला. मराठीत पाणी सोडलं म्हणजे वस्तू गेली, हे त्यांना पटेना. पाणी येणं म्हणजे मिळणं, मग सोडणं म्हणजे जाणं कसं? मी दान देताना हातावर पाणी सोडतात ते लाल बादलीतल्या पाण्याने करून दाखवलं. त्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, ठीक आहे, पण एवढं पाणी कशाला सांडलंस.

अर्धी_बादली
मृद्गंधाताई, आईंना साष्टांग. त्यांचं नाव उपशीर्षकांच्या शेवटी टाकू का?

अडचण एकच. वाक्य पडद्यावर जेमतेम तीन सेकंद राहतं. 'मग आम्ही' काढावं लागेल. 'पैशावर पाणी सोडा, आगीवर सोडतो. नाहीतर घरावर सोडा.' चालेल?

मृद्गंधा_नाशिक
विचारते. नाव नको म्हणाली. 'मग' ठेव म्हणतेय, 'आम्ही' गेला तरी हरकत नाही. आधी पैसे, 'मग' पाणी, त्या 'मग'मध्येच सगळं आहे म्हणते.

अर्धी_बादली
'मग' ठेवला.

तात्या_दुपारचे
मग म्हणजे पाण्याचा मग का?

संपादक_मंडळ
तात्या.